ती नाही म्हणू शकेल ना?

स्वतःच्या स्त्रीबीजांनी आता मूल होईल असं वाटत नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं, तेव्हा मला फारसा धक्का बसला नाही. रिपोर्ट बरेच दिवस तेच सांगत होते. एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारा रक्तातला आकडा, तळाला गेलेला, सोनोग्राफीत जेमतेम एखाद-दुसरं फॉलिकल (बीज वाढतं ती छोटी पिशवी), आणि आयव्हीएफमध्ये भ्रूण वाढता वाढता मध्येच थांबायचा. गर्भाशय मात्र ठणठणीत. वयाची झळ स्त्रीबीजाला जितकी लागते तितकी गर्भाशयाला लागत नाही. त्यामुळे दुसरीचं बीज घेतलं तर यशाची शक्यता मुख्यतः तिच्या वयावर ठरते, माझ्या नाही.

ही गोष्ट मी मावसबहिणीला फोनवर सांगितली. मन मोकळं करायला, दुसरं काही नाही. तिशीतली आहे ती, एका मुलीची आई. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "ताई, माझी घे ना."

सुरुवातीला मी हवेत होते. मग झोप उडाली.

तिचे वडील आजारी होते तेव्हा तिच्या शिक्षणाचा खर्च आम्ही उचलला होता. आम्ही ते कधी बोलून दाखवलं नाही, पण ती विसरली असेल असंही नाही. त्यात मावशीला कळलं आणि तिने जाहीर केलं, "बरं झालं, घरातलं घरातच राहील." या एका वाक्याने मला जेवढं दडपण आलं तेवढं कुठल्या तपासणीनेही आलं नव्हतं. मला आलं, तर तिला किती आलं असेल? उपकाराची फेड म्हणून ती हो म्हणत असेल तर मला कसं कळणार? थेट विचारलं तर ती "काहीतरीच काय, ताई!" म्हणणार, हे ठरलेलंच.

कायद्याचं आधी सांगते, कारण तिथेच अनेकांची वाट बदलते. आम्ही राहतो तिथे ओळखीची दाता चालते. भारतात 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार दाता नोंदणीकृत बीज-बँकेमार्फतच यावी लागते. तिचं वय 23 ते 35, आयुष्यात एकदाच दान, आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. बहिणीला हाताला धरून क्लिनिकमध्ये नेलं, असं तिथे होत नाही.

आमच्या क्लिनिकमध्ये काउन्सेलरला भेटणं सक्तीचं होतं. आधी आम्ही दोघं, मग ती आणि तिचा नवरा, मग ती एकटी. मला वाटलं होतं, मुलाचा चेहरा कोणासारखा असेल, मला परकं वाटेल का, असलं काही विचारतील. बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "ती नाही म्हणाली, तर तुमच्या घरात तिच्याशी कोण कसं वागेल?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. एकटी असताना तिने नको म्हटलं, तर ते आम्हाला फक्त "वैद्यकीयदृष्ट्या जमत नाही" एवढंच कळवणार. कारण नाही, तपशील नाही. मावशीलाही तेच उत्तर. माझ्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथेच उतरलं.

तिच्या अंगावर काय येणार होतं, ते मी स्वतः बसून समजून घेतलं. साधारण दहा-बारा दिवस पोटावर इंजेक्शनं, मधूनमधून रक्ततपासणी आणि सोनोग्राफी, बीजं पक्व करणारं शेवटचं ट्रिगर इंजेक्शन अगदी वेळेवर, आणि त्यानंतर सुमारे 36 तासांनी गुंगीचं औषध देऊन सुईने बीजं काढायची. अंडाशय प्रमाणाबाहेर सुजले तर पोटात पाणी होतं; हल्लीच्या औषधांमुळे ते कमी झालंय, पण क्वचित ॲडमिट व्हावं लागतं. तिच्या नवऱ्याला वेगळीच काळजी होती: त्यांना दुसरं मूल हवं झालं तर? डॉक्टरांनी समजावलं, की त्या महिन्यात वाढू लागून एरवी विरून गेली असती, तीच बीजं औषधांनी वाढवतात. पुढचा साठा त्यामुळे संपत नाही. त्याचं समाधान झालं असं वाटलं तरी मी महिनाभर विषय काढला नाही. त्यांना वेळ हवा होता.

माझ्या वाट्याची जोखीम मात्र अगदी शेवटी कळली. दात्याच्या बीजाने राहिलेल्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. हे खरं तर पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

जनुकांचं म्हणाल, तर "पोटात तूच वाढवणार, म्हणजे तुझंच" असं सांगणारे खूप भेटले. आई मीच असणार, यात मला शंका नाही. पण डीएनए माझा नसेल, आणि तो दुखरा कोपरा मला कोणी बोलून बुजवलेला नको होता. एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे कण, त्यांचा वेगळा डीएनए असतो आणि तो आईकडूनच येतो. आमच्या आया सख्ख्या बहिणी, म्हणजे आम्हा दोघींचा तो एकच, आजीचा. शास्त्राच्या दृष्टीने फार काही नाही, पण आजी मला फार प्रिय होती.

मुलाला लहानपणापासून सांगायचं, हे ठरवायला वेळ लागला नाही. ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2005 नंतर नाव नोंदवलेल्या दात्यांची ओळख मुलाला 18 व्या वर्षी मागता येते. आणि हल्ली घरबसल्या डीएनए चाचणी होते, तिथे गुपित टिकणार किती? शिवाय तिची मुलगी आणि आमचं मूल, जनुकांच्या हिशोबाने अर्धी भावंडं. दोघं एका घरात खेळणार. म्हणजे सांगायचं ते त्या मुलीलाही, आणि तिला काय सांगायचं ते तिच्या आईने ठरवायचं, मी नाही.

क्लिनिकचा फोन आला: पुढे जायला हरकत नाही. त्याच संध्याकाळी तिचाही आला. "ताई, बाईंनी मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हटलं. आता तू विचारू नकोस." मी विचारलं नाही.

सध्या संमतीपत्रावर गाडी अडली आहे. उरलेल्या भ्रूणांचं काय करायचं, असा एक रकाना आहे: गोठवून ठेवायचे, संशोधनाला द्यायचे, नष्ट करायचे की दुसऱ्या जोडप्याला द्यायचे. तिने शेवटच्या पर्यायावर पेन्सिलने काट मारून कागद परत पाठवला. माझ्या नवऱ्याला संशोधन पटतं, मला अजून काहीच पटत नाही. पुढच्या आठवड्यात चौघांनी बसायचं ठरलंय, मावशीला न बोलावता.