ऑक्टोबरचा पास्ता: सॉसेज, बटरनट आणि खरपूस भाज्या

अमेरिकेच्या ईशान्य भागात सप्टेंबर सरता सरता बाजारात बटरनट स्क्वॉश (लांब मानेचा, केशरी गराचा भोपळा), ब्रसेल्स स्प्राउट (कोबीसारखे इवलेसे गड्डे) आणि सेज या सुवासिक पाल्याच्या जुड्या एकदमच येतात, आणि आमच्याकडे या पास्त्याचा हंगाम सुरू होतो. चार जणांचं पोटभर जेवण होतं, शेजारी वेगळं काही करावं लागत नाही. सगळी मेख पाण्यात आहे. भाज्यांमधलं पाणी ओव्हनमध्ये आटवायचं, आणि सॉसला लागेल तेवढं पाणी पास्त्याच्या पातेल्यातून घ्यायचं. यातलं एक चुकलं तरी ताटात भोपळ्याची भाजी घातलेला ओला पास्ता येतो.

मी एक किलोच्या आसपासचा बटरनट घेते. सोलून, बिया काढून साधारण ७५० ग्रॅम उरतो. मान लांब आणि खालचा गोळा लहान असा निवडायचा, कारण मानेत बिया नसतात, सगळा गरच मिळतो. साल मळकट पिवळी आणि बिनचकाकीची हवी. हिरव्या रेघा दिसल्या तर तो अजून कोवळा आहे. बाकी ३०० ग्रॅम ब्रसेल्स स्प्राउट, एक मोठा लाल कांदा, ४५० ग्रॅम इटालियन पोर्क सॉसेज, ४०० ग्रॅम रिगातोनी (जाड नळ्यांचा पास्ता), लसणाच्या ४ पाकळ्या, सेजची १२-१५ पानं, ३० ग्रॅम लोणी आणि ८० ग्रॅम पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं कडक, खारट) चीज. सॉसेज पाकिटावर ‘स्वीट’ किंवा ‘माइल्ड’ लिहिलेलं घ्यावं. त्यात बडीशेप असते आणि ती भोपळ्याच्या गोडीशी फार छान जमते.

चाकू हातात घेण्याआधी ओव्हन २२० अंश सेल्सिअसवर (४२५ फॅरनहाइट) लावायचा आणि दोन रिकामे ट्रे आतच तापायला ठेवायचे. पंख्याचा ओव्हन असेल तर २०० पुरे. बटरनटची मान आणि गोळा आधी वेगळे कापले की दोन्हींना सपाट बूड मिळतं आणि सोलताना सुरी घसरत नाही. सालीखालच्या हिरवट-पांढऱ्या रेघा जाऊन नुसता केशरी गर दिसेपर्यंत सोलायचं, त्या रेघा शिजल्यावरही चिवट राहतात. कच्च्या गराचा चीक हाताला लागून कातडी ताणल्यासारखी होते. हातमोजे घातलेले बरे.

फोडी २ सेंटिमीटरच्या करायच्या. तेल आणि मीठ ओव्हनमध्ये टाकायच्या अगदी आधी लावायचं. मीठ लावून ठेवलेल्या फोडींना पाणी सुटतं आणि त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. गर्दी केली तरी तेच होतं, म्हणून दोन ट्रे. एकावर बटरनट, दुसऱ्यावर अर्धे चिरलेले स्प्राउट, कापलेली बाजू खाली, आणि कांद्याच्या जाड फाका. बटरनटला साधारण ३० मिनिटं लागतात, त्यात विसाव्या मिनिटाला एकदाच उलटायचं. दुसऱ्या ट्रेचं काम २०-२२ मिनिटांत होतं. लसूण इथे घालायचा नाही, एवढ्या आचेला तो करपून कडू होतो.

तोवर सॉसेज. वरच्या आवरणाला उभी चीर देऊन आतला खिमा काढायचा. जाड बुडाची स्टीलची किंवा बिडाची कढई हवी, कारण नॉनस्टिकमध्ये बुडाला खरपूस थर धरत नाही, आणि सॉसची अर्धी चव त्याच थरात असते. चमचाभर तेलात खिमा पसरून मध्यम आचेवर ३-४ मिनिटं त्याला अजिबात हात लावायचा नाही. सतत हलवलं की त्याला पाणी सुटतं, तो त्या पाण्यात उकळतो आणि करडाच राहतो. खालून तांबूस झाला की मोडायचा आणि आतलं तापमान ७१ अंशांवर (१६० फॅरनहाइट) जाईपर्यंत शिजवून बाजूला काढायचा. कढईत दोन चमचे चरबी ठेवायची, त्यात लोणी घालून सेजची पानं मिनिटभर तळून घ्यायची. ती कुरकुरीत झाली की काढून शेवटी वरून घालायची. त्याच लोण्यात चिरलेला लसूण अर्धा मिनिट परतायचा आणि आच बंद करायची.

पास्त्याला ३ लिटर पाणी आणि सुमारे २५ ग्रॅम मीठ. याहून जास्त मीठ मी घालत नाही, सॉसेज आणि पेकोरिनो दोन्ही खारट असतात. पाण्यात तेल घालायचं नाही आणि पास्ता नंतर धुवायचा नाही, कारण सॉस धरून ठेवतो तो पास्त्यावरचा स्टार्चच. पाकिटावरच्या वेळेच्या २ मिनिटं आधी दोन कप पाणी काढून ठेवायचं आणि मग पास्ता निथळायचा.

आता घाई. कढई मोठ्या आचेवर, कपभर पास्त्याचं पाणी घालून बुडाचा थर लाकडी उलथन्याने खरवडायचा. उकळी आली की पास्ता घालून २ मिनिटं जोरजोरात हलवायचं. चरबी आणि स्टार्चचं पाणी मिळून येऊन दाटसर, तकतकीत सॉस होतो. सॉसेज आणि निम्मा बटरनट आत घालून चार-पाच फोडी कढईच्या कडेला ठेचायच्या. क्रीम न घालता दाटपणा येतो तो यामुळे. आच बंद करून मिनिटभर थांबायचं, आणि मगच बारीक किसलेलं चीज थोडं थोडं. उकळत्या सॉसमध्ये पडलं तर त्यातली प्रथिनं आकसून गोळे होतात आणि तूप वेगळं सुटतं. पाकिटातलं तयार किसलेलं चीज नकोच, ते चिकटू नये म्हणून लावलेल्या भुकटीमुळे नीट वितळत नाही.

उरलेल्या भाज्या ढवळायच्या नाहीत, वरून पसरायच्या, म्हणजे कडा खरपूस राहतात. सेजची पानं, भरपूर मिरपूड, आणि अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू टाळू नये, भोपळ्याची गोडी त्याशिवाय जिभेवर जड बसते.

डुक्कर चालत नसेल तर चिकन सॉसेज घ्यावं, पण त्यात चरबी कमी असल्याने दोन चमचे तेल आणि अर्धा चमचा भरड बडीशेप वाढवावी. पुण्या-मुंबईत लाल भोपळा वापरायचा तर फोडी ३ सेंटिमीटरच्या कराव्यात, त्याला पाणी जास्त सुटतं आणि लहान फोडींचा लगदा होतो. गोवा सॉसेज मात्र निम्मंच घ्यावं आणि सेज, लिंबू दोन्ही वगळावं. त्यातला व्हिनेगर आणि मिरची बाकी कशाला वाव देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गरम करताना मायक्रोवेव्ह नको, तेल सुटतं. कढईत पाव कप पाणी घालून मंद आचेवर, झाकण ठेवून ५ मिनिटं.