पुरानंतर जाम झालेली ब्रेक डिस्क कशी सुटली

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं, तेव्हा आमची पिकअप समा भागात गोदामासमोर उभी होती. चाकं पूर्ण बुडाली होती. पाणी ओसरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळीकडचं ऑइल बदललं, एअर फिल्टर नवा घातला आणि गाडी पुन्हा मंडपाचं सामान वाहू लागली. पण पुराच्या पाण्यात गाळ असतो. तो चाकाच्या आत, ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो आणि बाहेरचं सगळं कोरडं झालं तरी तिथली ओल धरून ठेवतो. हे नुकसान लगेच दिसत नाही.

आमच्या गाडीत ते दिसलं ते ब्रेकमधून. वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरायचं, स्टिअरिंग हातात हलायचं. पुढचं चाक काढून व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापाने) डिस्कची जाडी मोजली, तर ती डिस्कच्या कडेवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षाही कमी भरली. अशी डिस्क लेथवर घासून वापरायचा प्रश्नच नव्हता, दोन्ही बाजूंना नव्या घालायच्या ठरल्या. दादा म्हणाला, गॅरेजला देऊ. ब्रेकचं काम मला डोळ्यांसमोर झालेलं हवं असतं, म्हणून मी अंगणातच करायचं ठरवलं.

आधी एक गोष्ट बघून घ्यावी. काही पिकअपमध्ये डिस्क हबच्या मागून बोल्टने जोडलेली असते, ती काढायला बेअरिंगसकट हब उतरवावा लागतो. आमची तशी नाही. चाकाचे नट बसतात त्या स्टडवरून टोपीसारखी सरकवून बसवलेली, म्हणजे कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि त्याचं ब्रॅकेट सोडलं की हाताने निघायला हवी.

सपाट जागा, मागच्या चाकांना लाकडी गुटके, जॅकने उचलून चासिसखाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी हातसुद्धा घालत नाही. कॅलिपर सोडून तारेने वर बांधला. ब्रेक ऑइलच्या रबरी होजवर त्याचं वजन टाकायचं नाही, होज आतून फाटतो आणि बाहेरून कळतही नाही. मग ब्रॅकेटचे बोल्ट काढले आणि डिस्कला हात घातला. ती तसूभरही हलली नाही.

शेजारचे काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. दादाने घण आणलेला बघून ते फाटक उघडून आत आले. म्हणाले, "ठेव तो खाली. गंज ठोकून निघत नाही, ढकलून निघतो."

मी विचारलं, "पण काका, जुनी डिस्क तर टाकूनच द्यायची आहे ना?"

"डिस्क टाकशील रे. तिच्यामागचं बेअरिंग टाकणार आहेस का?"

मुद्दा पटण्यासारखाच होता. डिस्कवर घातलेला घाव हबमधून थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो. गोळ्या रेसमध्ये, म्हणजे त्या ज्या कड्यात फिरतात त्यात, खड्डे पाडतात आणि पुढे चाकातून घरघर सुरू होते. शिवाय लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. त्यामुळे बीडाच्या डिस्कचं मधलं भोक आणि हबचा गोल उंचवटा यांच्यात मुळात जी थोडीशी फट असते, ती गंजाने पाचर मारल्यासारखी ठासून भरते. वाकडा जोर लावला तर ती पाचर आणखी घट्ट होते.

तारेच्या ब्रशने हबभोवतीची कड आणि स्टडची मुळं घासून काढली. मग गंज सोडवणारं तेल भोकाच्या कडेने आणि प्रत्येक स्टडभोवती मारलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. घाईत तेल मारून लगेच पाना लावण्यात अर्थ नाही. तेलाला आत झिरपायला वेळ लागतो. आमच्या डिस्कच्या तोंडावर, स्टडच्या मधल्या जागेत, आटे असलेली दोन भोकं समोरासमोर आहेत. बरेच जण त्यांना स्क्रूची रिकामी भोकं समजतात. ती याच कामासाठी असतात. गाळ आणि गंजाने भरलेली होती, म्हणून आधी ८ मिमीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ केले. मग ८.८ ग्रेडचे, म्हणजे मजबूत पोलादाचे, ८ मिमी बोल्ट तेल लावून दोन्हीकडे घातले. बोल्ट पलीकडे हबच्या तोंडाला टेकतो आणि डिस्कला बाहेर ढकलतो.

इथे धीर लागतो. एकीकडे पाव फेरा, मग दुसरीकडे पाव फेरा. या बोल्टच्या एका पूर्ण फेऱ्यात १.२५ मिमी सरक होते, म्हणजे पाव फेऱ्यात जेमतेम ०.३. एकच बोल्ट कसत गेलो तर डिस्क तिरकी होऊन भोकात अडकते, नाहीतर आटे तुटतात. ताण आला की थांबायचं, पितळी हातोडीने स्टडच्या मधे हलके टकटक करायचं, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरा. ड्रायव्हरकडची डिस्क अशीच खणकन आवाज करून सुटली.

डावीकडे एका भोकाचे आटे गंजाने खाऊन टाकले होते. गल्लीच्या टोकाचा गॅस वेल्डिंगवाला म्हणाला, आणू का गॅसची टॉर्च? तापवलं की डिस्क फुगते आणि सुटते हे खरं, पण जवळच बेअरिंगचं ग्रीस, एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) सेन्सर वायर आणि वरून तेलाने भिजलेला हब. मी नको म्हटलं. काकांनी दुसरा मार्ग दाखवला. ब्रॅकेट ज्या कानांना बसतं, त्याच्या एका भोकातून लांब बोल्ट घालायचा, कान आणि डिस्क यांच्या मधे त्यावर नट चढवायचा आणि बोल्टचं टोक डिस्कच्या मागच्या कडेला टेकवायचं. मग एका पान्याने बोल्ट धरून दुसऱ्याने नट फिरवला की नट कानाला टेकून बोल्ट पुढे ढकलतो. कडेवर जोर असल्याने तो चांगला लागतो. ताण आला की सैल करायचं, डिस्क थोडी फिरवायची, पुन्हा ताण द्यायचा, म्हणजे ती सगळीकडून सारखी सुटत जाते. डिस्कची कड बोल्टच्या टोकाने खराब होते, म्हणून ही युक्ती टाकायच्या डिस्कलाच. वेळ गेला, पण डिस्क सरळ आली आणि बेअरिंग आजही निःशब्द फिरतं.

नवी डिस्क चढवण्याआधी हबचं तोंड एमरी पेपरने चकचकीत केलं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि घालवायलाच हवा. तिथे गंजाची एक खपली उरली तरी डिस्क डोलत फिरते आणि तीच थरथर पुन्हा पायाखाली येते. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसलं. हबच्या उंचवट्यावर तांब्याचं ग्रीस अगदी पातळ फिरवलं, पॅडच्या बाजूला एक थेंबही जाऊ दिला नाही. नवे पॅड जाड असल्याने कॅलिपरचा पिस्टन आत दाबावा लागला. म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप केलं, मगच चावी लावली. चाकाचे नट समोरासमोर घट्ट केले होते, थोडं चालवून आल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवून पाहिले.