पार्सल कुठवर आलं?

आज आमच्या ऑनलाइन स्टोअरच्या चॅटबॉटला कुरिअरचं ट्रॅकिंग जोडलं. दिवस सार्थकी लागला! सपोर्टला येणारे निम्मे-अधिक मेसेज याच एका प्रश्नाचे असतात.

जोडणी तशी सोपी. एपीआय की (कुरिअरच्या सिस्टीमशी बोलायची परवानगी देणारा कोड) टाकली, ट्रॅकिंग नंबर दिला, झालं. खरा वेळ खाल्ला तो स्टेटसच्या भाषेने. कुरिअरकडून नुसतं ‘एक्सेप्शन’ येतं. ग्राहकाने त्यातून काय समजायचं? पत्ता सापडला नाही, घरी कोणी नव्हतं, की पार्सल खराब झालं? कारणाचा कोड वेगळा येतो. तो वाचून बॉट आता सरळ सांगतो, ‘डिलिव्हरीला आले होते, पण घरी कोणी भेटलं नाही.’

सारखं विचारत बसण्याऐवजी वेबहुक लावला, म्हणजे स्टेटस बदललं की कुरिअरच कळवतं. अपडेट कधी दोनदा येतात, कधी उलटसुलट क्रमाने, म्हणून आधी वेळ तपासायची आणि मगच नोंद.

एका मुद्द्यावर मात्र मी अडून बसले. ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय आणि ग्राहक म्हणतोय मिळालं नाही, तर बॉटने वाद घालायचा नाही. चॅट लगेच माणसाकडे द्यायचं, सगळ्या नोंदींसकट. आधीच वैतागलेल्या माणसाला ऑर्डर नंबर पुन्हा का सांगायला लावायचा?