आमची वाटचाल : पाच पॉइंट सहा ते आठ पॉइंट एक

2009 साली नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही पुस्तकविक्रेते आणि छोट्या प्रकाशकांसाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. यादी, साठा, बिलं, वेबसाइटवरची मागणी. पुढची तेरा-चौदा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते 2023 च्या पावसाळ्याचं.

आमचा सगळा कोड पीएचपी या भाषेत, तिच्या 5.6 या जुन्या आवृत्तीवर. ज्यांच्या सर्व्हरवर तो चालायचा त्या होस्टिंगवाल्यांची मेल आली : पंधरा दिवसांत पीएचपी 5.6 बंद. त्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं 31 डिसेंबर 2018 लाच संपलं होतं, हे मान्य. पण बावीस ग्राहकांचा कोड त्यावर चालू असताना पंधरा दिवस? त्याच आठवड्यात मुलाचं इंजिनिअरिंगचं वर्ष डाउन गेलं आणि त्याने खोलीबाहेर येणं सोडलं.

शहरातल्या एका कंपनीने हीच वेळ साधून आमच्या ग्राहकांना फोन लावले. "जुना कोड टाकून द्या, सगळं नव्याने लिहून देतो." पाच जण गेले. त्यांतल्या तिघांना 2018 च्या आधीची बिलं आजही उघडता येत नाहीत, आणि ती काढून द्या म्हणून फोन येतो तो आम्हालाच. असो.

नव्याने लिहायची गरज नव्हती. काय मोडणार ते आधी शोधता येतं. डेटाबेसशी बोलणारी, 'मायएसक्यूएल_' ने सुरू होणारी फंक्शन्स पीएचपीने 7.0 मध्ये काढून टाकली. आमच्या कोडमध्ये ती अकराशे ठिकाणी होती. त्याच नावांची फंक्शन्स एका फाइलमध्ये लिहून आतून मायएसक्यूएलआय या नव्या संचाकडे वळवली आणि पंधरा दिवसांत 7.4 गाठलं. मग लॉगिन, शोध आणि बिल, म्हणजे जिथे बाहेरचा माणूस काही टाइप करतो तिथून सुरुवात करून एकेक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये नेली, म्हणजे टाइप केलेला मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवला. 5.6 वरून थेट आठवर उडी मारू नका. अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेल्या ऍरेच्या कीवर (यादीतल्या नोंदीच्या नावावर) 7.4 नुसता इशारा देऊन पुढे जातं, 8.0 तिथेच थांबतं. सगळे इशारे लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) चालू ठेवून महिनाभर रोज सकाळी तो लॉग वाचा.

लॉगमध्ये न दिसणारी चूक मात्र घात करते. साठा म्हणजे आवक वजा विक्री, म्हणून उत्तर पूर्णांक. आम्ही तो 'संपले' या शब्दाशी दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून पाहत होतो. आठच्या आधी तो शब्द शून्य धरला जायचा, म्हणून तुलना योगायोगाने जुळायची. 8.0 ने तो नियम बदलला. ना एरर, ना इशारा. अप्पा बळवंत चौकातल्या काकांचा फोन आला, "अहो, संपलेल्या पुस्तकावर सात ऑर्डरी आल्यात!" हे काका आमचे पहिले ग्राहक. त्या कंपनीचा माणूस दुकानात आला, तेव्हा त्याला चहा पाजून त्यांनी परत पाठवलं होतं.

खरी किचकट गोष्ट डेटाबेसची. अक्षरं साठवायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात : 2009 चे तक्ते लॅटिन1 या इंग्रजीसारख्या लिप्यांच्या पद्धतीत, आत भरलेलं मराठी यूटीएफ-8 मध्ये. असा तक्ता थेट यूटीएफ8एमबी4 (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-8) मध्ये बदलला तर प्रत्येक अक्षर दुसऱ्यांदा एन्कोड होतं आणि पडद्यावर किडामुंगी दिसते. रकाना आधी ब्लॉब (भाषा न बघता नुसते बाइट) करायचा, मग यूटीएफ8एमबी4 चा टेक्स्ट. तरी काही ओळींवर अडलंच. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. शंभराच्या रकान्यात तेहतीस चिन्हं मावली, चौतिसाव्याचा एकच बाइट उरला. लांब शीर्षकं अशी अक्षराच्या मधोमध तुटली होती, आणि तुटलेलं अक्षर डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड, म्हणजे कडक तपासणी, स्वीकारत नाही. अशी 412 निघाली. तुटलेला भाग कुठल्याच बॅकअपमध्ये नव्हता, कारण तो साठवलाच गेला नव्हता. पुस्तक हातात घेऊन शीर्षक पुन्हा टाइप करणं, एवढाच उपाय.

काका म्हणाले, "चिरंजीवांना पाठवा. पुस्तकं इथेच आहेत."

पहिल्या दिवशी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा तास बसला, चार शीर्षकं केली. आम्ही रोज वीसच द्यायचो, जास्त मागितली तरी. दर गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं असे, म्हणून गुरुवारी सर्व्हरला हात लावायचा नाही हा ऑफिसचा नियम झाला. तो अजून आहे. घरात असं कोणी असेल तर मार्कांचा विषय महिनाभर काढू नका, आणि रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा, मराठीत बोलता येतं.

दिवाळीच्या आधी 412 पूर्ण झाली. त्यांतल्या नऊ ठिकाणी त्याने लेखकाच्या नावातली आमचीच जुनी चूकही दुरुस्त केली होती. काकांनी बिलातले दहा टक्के मात्र नेहमीप्रमाणे कापले.