रिकामे परत आले नाहीत

ऑक्सिजन प्लांटचा पहिला नियम मी सोलापुरात शिकलो, तोच खार्टूममध्येही होता. रिकामा सिलिंडर आणायचा, भरलेला न्यायचा. रिकामे येईनासे झाले की समजायचं, कुणीतरी साठा करतंय. २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, लोकांनी घरात पलंगाखाली जम्बो सिलिंडर दडवले होते आणि आम्ही गेटवर रिकाम्यांसाठी हात जोडत होतो. दोन वर्षांनी सुदानच्या राजधानीत माझ्यावर तीच वेळ आली. या वेळी साठा करणारे बंदूकवाले होते.

आमचा प्लांट बाहरीच्या, म्हणजे उत्तर खार्टूमच्या, औद्योगिक भागात होता. देशातलं भांडण गेटवरच्या पोरालाही पाठ होतं. जनरल बुरहान यांचं सैन्य एका बाजूला, हेमेत्तींचं निमलष्करी दल दुसऱ्या बाजूला. त्या दलाला तिथे सगळे नुसतं ‘दअम’ म्हणतात. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये दोघांनी मिळूनच सत्ता घेतली होती. पुढे अडलं ते दअमची माणसं सैन्यात किती वर्षांत मिसळायची यावर. सैन्य दोन म्हणे, दअम दहा. १ एप्रिल २०२३ला ठरलेली करारावरची सही ६ तारखेवर गेली आणि ६ तारखेलाही झाली नाही. तोवर शहरात मशीनगन बसवलेल्या टोयोटा गाड्या कितीतरी वाढल्या होत्या.

माझ्याकडे हे सगळं रजिस्टरमधून आलं. सोमवारी दअमचे, वाळूच्या रंगाच्या गणवेशातले चौघे आले. वीस जम्बो हवे होते, रिकामा एकही आणला नव्हता. डिपॉझिट रोख मोजलं, सह्या केल्या, गेले. मंगळवारी सैन्याचे, हिरव्या गणवेशातले आले. त्यांनी आधी विचारलं, “काल त्यांनी किती नेले?” मी गप्प राहिलो, पण रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. त्यांनी तीस मागितले. बुधवारी वाळूवाले परत आले आणि चाळीस घेऊन गेले.

१३ एप्रिल, गुरुवार. रमजान चालू होता, उन्हाने पत्रा तापला होता. पहाटेच सैन्याचं निवेदन आलं होतं की दअमने न विचारता राजधानीत आणि इतर शहरांत आपली माणसं हलवली आहेत. उत्तरेकडे मेरोवेच्या विमानतळाजवळ त्यांच्या गाड्या जाऊन थांबल्याचं आदल्या दिवशीच सगळ्यांच्या तोंडी होतं.

अकराच्या सुमाराला दोन्ही ट्रक एकदमच गेटवर आले.

आत भरलेले फक्त सेहेचाळीस होते. त्यातले चौदा मी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवले होते, लहान मुलांच्या एका रुग्णालयासाठी. सारखी वीज जायची, जनरेटरचं डिझेल मोजून वापरायचं, आणि मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडर भरायच्या नळ्यांच्या जोडणीवर, एका खेपेला वीसच भरायचे. दोन्हीकडची माणसं ट्रकमधून उतरून भिंतीला टेकून उभी राहिली, एकमेकांच्या फाळक्याकडे बघत. प्रत्येक जण समोरच्याचे सिलिंडर मोजत होता. बोटांवर मोजणारा एक मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल.

हिरव्या गणवेशातला अधिकारी माझ्यापाशी आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, “बाशमोहन्दिस,” म्हणजे इंजिनियरसाहेब, “युद्ध आम्हाला नको आहे. पण त्यांनी चाळीस नेले ना? मग आम्ही काय समजायचं?” अर्ध्या तासाने दुसऱ्या बाजूच्या माणसाने मला हाच प्रश्न विचारला, फक्त आकडा तीसचा होता. बंकर, रणगाडे, भरती यांच्या बातम्या नंतर खूप वाचल्या. मला मात्र अजून वाटतं, ते युद्ध जवळ आणणाऱ्या हजार गोष्टींत माझ्या टेबलावरचं उघडं रजिस्टरही होतं. ते मी पहिल्याच दिवशी मिटून ठेवायला हवं होतं.

आमचे शिफ्ट मॅनेजर साठीचे गृहस्थ होते. मी त्यांना ‘अम्म’ म्हणायचो, म्हणजे काका. त्यांनी सोळा-सोळा द्यायला सांगितलं, दोघांच्या देखत, मोजून. ताडपत्रीकडे त्यांनी पाहिलंही नाही. ट्रक गेल्यावर ते बराच वेळ खुर्चीत बसून होते. संध्याकाळी चटईवर रोजा सोडताना त्यांनी मला हिलू-मुर दिलं. ज्वारीचं पेय, म्हणून मला ते पहिल्या दिवसापासून घरचं वाटायचं. त्या दिवशी घशाखाली उतरेना.

शनिवारी सकाळी गोळीबार सुरू झाला. मी प्लांटवर परत जाऊ शकलो नाही. पुढे भारतीयांना बाहेर काढणाऱ्या ऑपरेशन कावेरीत बसने पोर्ट सुदान, तिथून जहाजाने जेद्दा आणि मग घर. अम्मचा फोन लागत नाही. एकशे बावीस जम्बोंच्या पुढचा ‘परत’चा रकाना कोराच राहिला.

पण मधला शुक्रवार होता. सुट्टी असूनही मी गेलो होतो. मुलांच्या रुग्णालयाचा ड्रायव्हर दुपारी आला. नेहमी चौदा आणायचा, त्या दिवशी बाराच रिकामे होते. दोन वॉर्डात लावलेले आहेत, काढता येत नाहीत, म्हणाला. मी ताडपत्री काढली आणि चौदाही त्याच्या गाडीत चढवले. त्याने रजिस्टर मागून घेतलं, उरलेल्या दोनसमोर स्वतःच्या हाताने सही केली आणि म्हणाला, “ते दोन रविवारी आणतो.”