जुव्याची भेंडी जुव्याची कशी राहते

गोव्यातलं बेट म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना समुद्र, वाळू आणि माड दिसतात. माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात ती बेटं मात्र मांडवीच्या पात्रात आहेत. दिवाडी, चोडण, जुवे, कुंभारजुवे. तिथे वाळूचा किनारा नाही. खाडी आहे, खाजणातली म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतली भातशेती आहे, भरतीचं पाणी अडवणारे बांध आणि ते पाणी आतबाहेर करणाऱ्या मानशी आहेत. या बेटांचं नाव आणि चित्र आता पाकिटांवर, टी-शर्टांवर, हॉटेलांच्या पाट्यांवर जिकडेतिकडे दिसू लागलं आहे. या वेळी मी गोव्यात त्यावर भयंकर चिडले, आणि बेटाचं नाव नक्की कुणाचं, या प्रश्नाचं जुव्यातल्या एका बाईने असं उत्तर दिलं की ते लिहिल्याशिवाय राहवेना.

ऑगस्टच्या अखेरीला माशेलला आत्याकडे गेले होते. ऑगस्टचा चौथा शनिवार म्हणजे दिवाडीवर बोंदेरा. जुन्या काळी वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, हद्दीला निशाणं रोवली जायची आणि रागावलेले लोक दगड मारून ती पाडायचे. त्या आठवणीत हा उत्सव होतो. वाड्यांच्या मिरवणुका निघतात, पोरं बांबूच्या फोटाशातून, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीतून, तेफळं मारतात. हे सगळं बघायचं म्हणून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर गेले आणि अर्धा दिवस फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिले. पलीकडे पोचेपर्यंत मिरवणूक सरत आली होती. गर्दीत बाहेरचेच जास्त, सगळे मोबाईल उंचावून. एका म्हाताऱ्या आजोबांना स्वतःच्याच दारासमोरून पलीकडे जाता येत नव्हतं आणि कुणी बाजूला होत नव्हतं. ज्यांचा उत्सव त्यांनाच उभं राहायला जागा नसेल तर पाहुण्यांनी तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. पुढच्या वर्षी मी जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी पणजी. पाऊस, खरेदी, फिशकरी. त्यातलं एक दुकान तेवढं सांगण्यासारखं. छान सजवलेलं, पिवळा उजेड, वेताच्या टोपल्या. त्यात तपकिरी कागदाची पाकिटं, प्रत्येकावर फेरीबोटीचं आणि माडाचं रेखाचित्र, खाली 'आयलंड'. मसाला, चटणी, भेंडीच्या कुरकुरीत चकत्या. चकत्यांच्या पाकिटावर जुव्याचं नाव होतं. मागे बारीक अक्षरात पत्ता पाहिला तर दुसऱ्याच राज्यातल्या औद्योगिक वसाहतीचा. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, भेंडी जुव्याची आहे का? तो म्हणाला, "स्टाइल जुव्याची आहे, मॅडम." त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता, तो पगारी माणूस. पण पाकीट मी परत ठेवलं.

मी कोल्हापूरची. चपलेच्या बाबतीत आम्ही हे फार जवळून पाहिलं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रेक्झिनच्या जोड्या 'कोल्हापुरी' म्हणून देशभर खपतात. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला मॉडेलांच्या पायांत घातल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आमच्याकडे केवढी ओरड झाली. ती रास्त होती. म्हणून जुव्याच्या नावाचं मला लागतं.

गोव्यात २००९ साली काजूफेणीला मानांकन मिळालं. मग खोल्याची मिरची, हरमलची मिरची, मयड्याची केळी, खाजें अशी रांग लागली. २०२३ साली मानकुराद आंबा आणि बेबिंक ही थरांची मिठाई यांच्याबरोबर जुव्याच्या सात शिरांच्या भेंडीलाही मिळालं. नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते, दहा वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं, आणि ते नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद लागते. कायदा चांगला आहे. पण कायदा वाफ्यात उभा राहत नाही, हे मला जुव्यात कळलं.

आत्याचं माशेलचं घर देवकीकृष्णाच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. या देवळात देवकीच्या कडेवर बाळकृष्ण आहे. मूर्ती मूळची चोडण बेटावरची. पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी देव आधी मयेला नेला आणि पुढे माशेलला आणला. दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर असाच नदी ओलांडून डिचोलीच्या नार्व्याला गेला, आणि तिथलं देऊळ १६६८ साली शिवाजी महाराजांनी बांधून घेतलं. आत्या हे सगळं नात्यातल्या माणसांबद्दल बोलावं तसं सांगते. "देव चोडणचेच. राहतात इथे." चारशे वर्षांहून जास्त काळ इथे राहून देवाचं गाव बदललेलं नाही, कारण ते लक्षात ठेवणारी माणसं आहेत.

जुव्याला आत्याच घेऊन गेली. माशेलकडून पूल ओलांडला की बेट. आपल्या मराठी लोकांना जुवे माहीत आहे ते संभाजी महाराजांमुळे. नोव्हेंबर १६८३ मध्ये रात्री ओहोटीची वेळ साधून मराठ्यांनी इथला किल्ला घेतला, दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) काँद द आल्व्होर स्वतः चालून आला आणि जखमी होऊन माघारी पळाला. टेकडीवर आज ख्रिस्तराजाचा पुतळा आहे आणि वरून मांडवीचे फाटे, खाजणं, पलीकडची बेटं असा मोठा मुलूख दिसतो. महाराष्ट्रातल्या पाट्यांच्या दोन-तीन गाड्या खाली उभ्या होत्या. लोक वर येत होते, घोषणा देत होते, फोटो काढून उतरत होते. त्यात मला वावगं वाटलं नाही, मलाही वर गेल्यावर भरून आलं. पण उतरल्यावर बेटाकडे कुणी वळूनही बघत नव्हतं याचं वाईट वाटलं. हे गाव गोव्यात 'शाकेचो जुंवो' म्हणून ओळखलं जातं, भाजीचं बेट. आणि भाजी तर रस्त्याच्या कडेलाच होती.

एका घराच्या पायरीवर, पत्र्याच्या झडपेखाली, साठीच्या पुढची ख्रिस्ती बाई बसली होती. फुलांचा झगा, पायात रबरी चप्पल, पुढ्यात पोतं अंथरलेलं. त्यावर भोपळा, पडवळ, अळू आणि भेंडीचे दोन ढीग. एक गडद हिरवा, आखूड, एकसारखा, चकचकीत. दुसरा फिकट हिरवा, लांबच लांब, काही शेंगा टोकाला वाकड्या. पहिला ढीग मोठा होता, दुसऱ्यात जेमतेम दोन वाटे.

आमच्या आधी एक कुटुंब उभं होतं, किल्ल्यावरून उतरलेलं. त्यांना जुव्याची भेंडी हवी होती. कुठेतरी वाचलं असणार. गृहस्थांनी मोठ्या ढिगाकडे बोट दाखवलं, ताजी दिसते म्हणून, आणि म्हणाले, "ही जुव्याचीच ना? दोन किलो द्या."

बाई म्हणाली, "न्हय. हे बेळगांवचे."

"म्हणजे इथली नाही?"

"इथले हे. हे म्हजे." तिने फिकट ढिगावर हात ठेवला. "पूण हे दिवपाचे आसात. सांगून दवरल्यात."

ते वाटे कुणाला तरी कबूल केलेले होते. गृहस्थ म्हणाले, मग तीच द्या बेळगावची, आम्ही घरी जुव्याची म्हणून सांगू, कुणाला कळतंय. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. बाईने तराजू खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"घेवचे जाल्यार बेळगांवचे म्हूण घे. बेळगांवचे बरेच आसात. जुंव्याचे म्हूण दिवचे नात."

शेवटी त्यांनी बेळगावची म्हणून एक किलो घेतली आणि पैसेही बेळगावच्या भावाने दिले. खरं तर ती 'हो' म्हणाली असती तर दुप्पट दर मिळाला असता. पावसाळ्यात, पायरीवर बसून, दिवसाला किती विक्री होत असेल? आणि ती भाजीही तिला विकत आणावी लागते. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून येते. सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या सवलतीच्या गाड्यांवरही तीच असते. भाजीच्या बेटावर बेळगावची भेंडी विकावी लागते हे काही तिला सुखाचं नव्हतं.

ते गेल्यावर आत्याने तिची चौकशी सुरू केली. दोघींची बहुधा कुणीतरी ओळखीतली निघाली, कारण पाचच मिनिटांत आम्ही घरामागे वाफ्यात होतो. भेंडीची झाडं माझ्या उंचीची. तिने एक शेंग तोडून माझ्या तळहातावर ठेवली. वीतभराहून लांब, लव अगदी कमी, आणि शिरा मोजल्या तर सात. आपल्या बाजारातल्या भेंडीला पाच असतात. देठाजवळ नखाने दाबलं की कट्कन मोडत होती, एवढी लांब होऊनही निबर नव्हती. मधल्या दोन झाडांवर शेंगा तशाच वाळवत ठेवल्या होत्या, तपकिरी, उकलायला आलेल्या, देठाला लाल चिंधी बांधलेली. ते पुढच्या वर्षीचं बियाणं.

मी विचारलं, बी विकता का? ती नाही म्हणाली, आणि मग कारण सांगितलं. तेच मला इथे लिहायचं होतं. भेंडीचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, पण मधमाश्या आणि भुंगे शेजारच्या झाडांचे परागही आणतात. शेजाऱ्याने बाजारातलं संकरित बी लावलं तर तिच्या शेंगांतही ते शिरतं. यंदा शेंग सात शिरांची दिसते, पण पुढच्या वर्षी त्याच बियांतून पाच शिरांची झाडं उगवतात. "शेजाऱ्यान बाजारचें बीं लायलें जाल्यार म्हजेंय पाड जाता." म्हणून आजूबाजूच्या चार-पाच घरांनी आपसांत ठरवलंय की पावसाळ्यात कुणी बाजारचं बी लावायचं नाही. कागद नाही, सही नाही. एका घरातला मुलगा बोटीवर असतो, त्याने मागे पाकिटातलं बी आणून आईला दिलं. तिने ते तुळशी-मिरच्यांच्या कुंड्यांजवळही लावलं नाही, देऊन टाकलं. कुणाचं बी फसलं तर दुसरी मूठभर देते. विकलं तर ते कुठे जाईल आणि कशात मिसळून परत येईल, सांगता येत नाही.

मी तिथे उभी राहून गप्पच झाले. पणजीतल्या त्या दुकानदाराला वाटतं जुवे हे नाव छापता येतं. इथे ते नाव चार-पाच कुंपणांमधल्या समजुतीवर उभं आहे, आणि एका घराने मोडता घातला तर दोन पावसाळ्यांत ते जाईल. सरकारी मानांकनाचा पैसा, प्रचार, जे काही असेल ते आधी या कुंपणांपर्यंत यायला हवं. बी राखणाऱ्या बाईला तिच्या राखणीचे पैसे मिळायला हवेत. आज तिला भेंडीचे मिळतात, तेही वाट्याला पन्नास रुपये.

बेटावर सगळं जुनं आणि शुद्ध आहे असं मात्र कुणी समजू नये, मला तसं चित्र रंगवायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, चिप्स होते, शीतपेयांचा फ्रीज होता, आणि शाळेतून आलेली पोरं तेच घेत होती. का घेऊ नये? पण त्याच दुकानात, खालच्या फळीवर, माडाचं विनागर ठेवलं होतं, ओल्ड मंकच्या बुटक्या जाड बाटल्यांत, लेबलं धुऊन काढलेली. बाटलीवर काहीही लिहिलेलं नव्हतं. दुकानदारीणबाईंना विचारलं, कुणाचं? त्यांनी फक्त उजवीकडच्या वळणाकडे मान केली. आत्याला तेवढ्यावर कळलं आणि तिने दोन बाटल्या घेतल्या. मला न सांगता एक माझ्या बॅगेत गेली. काल्दिनीला, म्हणजे नारळाच्या रसातल्या पिवळ्या कालवणाला, हेच लागतं म्हणे.

निघताना बाईने आम्हाला भेंडी दिली, कबूल केलेल्या वाट्यातली नव्हे, वाफ्यातली, त्याच दिवशी तोडलेली सहा-सात. आत्याने रात्री ती सुक्या सुंगटांबरोबर (कोळंबीबरोबर) केली, वर दोन आमसुलं. बुळबुळीतपणा जाणवला नाही, पटकन शिजली.

आपल्यातले पुष्कळजण किल्ल्यासाठी जुव्याला जातात, जावंच. उतरल्यावर पायरीवर बसलेल्या बायकांकडून भाजी घ्या, आणि बेळगावची असेल तर बेळगावची म्हणून घ्या. त्यांच्याकडे घासाघीस करू नका, मला फार राग येतो. पाकिटावर बेटाचं नाव दिसलं तर मागचा पत्ता वाचा आणि दुकानात मोठ्याने विचारा. मी त्या पणजीच्या दुकानाला पत्र लिहिलं आहे, पाकिटावरचं जुव्याचं नाव काढा नाहीतर जुव्यातून भेंडी घ्या म्हणून. अजून उत्तर नाही. आत्या म्हणते, चवथीच्या गडबडीनंतर आपण दोघी जाऊन विचारू.