विकलेली चेतक परत मिळते का?

बजाजची जुनी चेतक स्कूटर विकल्याची हळहळ बहुतेकांना विकल्यानंतर बऱ्याच दिवसांनी होते. विकताना कारण साधं असतं: पार्किंगमध्ये जागा अडवतेय, पंपावर टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) मिळत नाही, आरसीची मुदत संपत आलीय. मग दारावरून जाणारा कोणीतरी चार पैसे देतो आणि गाडी जाते. पुढे कधीतरी रस्त्यावर तसाच आवाज येतो, मान आपोआप वळते, आणि नंबर आपला आहे का हे आधी बघितलं जातं. १९७२ साली बाजारात आलेली आणि पुढे तीन दशकं आकुर्डीहून घराघरांत पोचलेली ही गाडी. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली होती. हळहळ वाटणारच.

पण नुसती हळहळ करत बसू नका, आधी शोध घ्या. चेतकचा पत्रा जाड असतो आणि अशा गाड्या सहसा लांब जात नाहीत. अनेकदा त्याच तालुक्यात, एखाद्या दूधवाल्याकडे किंवा गॅरेजच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली सापडतात.

शोधाला सुरुवात जुन्या कागदांपासून करा. आरसी बुकाची झेरॉक्स, जुना विमा, टॅक्सची पावती, काहीही चालेल. गाडी तीच आहे हे पटवायला नुसता गाडीचा नंबर पुरत नाही, बॉडीवर ठोकलेला चेसिस नंबरही हवा. गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये टाकला की नोंदणीची स्थिती आणि मुदत दिसते. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, पत्ता मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पण झाकलेल्या नावातून एवढं नक्की कळतं की गाडी अजून तुमच्याच नावावर आहे की नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. गाडी विकली, पैसे घेतले, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, म्हणजे गाडी नावावरून उतरली असं होत नाही. घेणाऱ्याने आरटीओत कागद दिलेच नसतील तर रेकॉर्डला मालक तुम्हीच. अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणून गाडी परत नको असली तरी एवढं तपासाच. आणि परत हवी असेल, तर नाव न बदललेलं असणं सोयीचं ठरतं, कारण हस्तांतरणाचा एक फेरा वाचतो. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने पैसे मोजलेले आहेत, त्यामुळे व्यवहार मात्र रीतसर करा, लेखी पावती घ्या.

पोर्टलवर गाडी दिसलीच नाही तर ती मोडीत निघाली असं धरून चालू नका. १९८९ च्या आधीच्या, तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे अशा नंबरांच्या अनेक गाड्यांची नोंद जुन्या रजिस्टरमध्येच राहिली आहे, ती संगणकावर चढलेली नाही. अशा वेळी मूळ आरसी घेऊन त्याच आरटीओत बॅकलॉग नोंदीसाठी अर्ज करावा लागतो. ती नोंद झाल्याशिवाय नूतनीकरण होत नाही आणि नावही बदलत नाही.

बाकीचा शोध माणसांतून होतो. ज्या मेकॅनिकने गाडी वर्षानुवर्षं उघडली त्याला विचारा. मालक बदलला तरी गाडी बरेचदा त्याच्याकडेच येत राहते, आणि मालकापेक्षा मेकॅनिकला गाडी जास्त लक्षात राहते.

गाडी सापडली की आधी ओळख पटवा. इंजिनाच्या बाजूचं पॅनल काढा. बॉडीच्या पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. आकडे कागदावर उमटतात. ते जुन्या आरसीशी जुळले तर गाडी तीच. इंजिन नंबर जुळला नाही तर लगेच निराश होऊ नका. चेतकची इंजिनं एकमेकांत सर्रास बदलली जायची आणि बऱ्याचदा आरसीवर नोंद व्हायचीच नाही. मात्र चेसिस नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर गाडी कितीही ओळखीची दिसली तरी हात लावू नका.

नंतर पत्रा बघा. चेतकला वेगळी चौकट नाही, बॉडी हीच चौकट. पायाखालचं रबर मॅट उचला, पट्ट्यांच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला तर आत गंज आहे किंवा लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून वरून रंग मारलाय. लोहचुंबक फिरवून बघा, जाड लांबीवर तो धरत नाही. स्टँड जिथे बसतो तिथला पत्रा सगळ्यात आधी सडतो, कारण पाणी आणि चिखल तिथेच साठतो. गाडी चालवून बघताना ती किंचित उजवीकडे ओढत असेल तर बॉडी वाकलीय असं समजू नका, इंजिन उजव्या बाजूला असल्याने तेवढा कल असतोच.

पडून राहिलेली गाडी सापडल्या सापडल्या किक मारण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतील तर जोराच्या किकने तुटून सिलिंडरच्या पोर्टमध्ये, म्हणजे भोकांत, अडकतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. प्लग काढा, भोकातून चमचाभर टूटी ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी किक हाताने हळूहळू दाबून पिस्टन फिरतोय का बघा.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं, टाकीच्या तळाला गंज चढतो आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात. नळी आणि कॉकचे वॉशर नवे टाका. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, क्लीनरने आणि हवेने साफ करा. तार घालू नका, भोक एक केस जरी मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. प्लगचा गॅप ०.६ मिमी ठेवा. गिअर ऑइल बदलून एसएई ३० ग्रेडचं भरा, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली. हे अंदाजाने ओतू नका, मापाचं झाकण वापरा.

गाडी चालू झाली तरी दोन लक्षणांवर नजर ठेवा. ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिन तापल्यावर उंच आवाजात पळत राहत असेल, तर मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलंय. तिथून जादा हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होण्याची भीती असते. अशी गाडी चालवू नका. सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं सील फाटून ऑइल इंजिनात जातंय. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला इंजिन उतरवावं लागतं, आणि क्लचच्या बाजूचं असेल तर पूर्ण उघडावंही लागतं. तेव्हा एकच सील बदलून पुन्हा बंद करू नका, दोन्ही एकदम टाका, बेअरिंगही तपासून घ्या.

टायर काढताना एक खबरदारी हवीच. चेतकची रिम दोन तुकड्यांची, नटबोल्टने जोडलेली असते. हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिमचे नट खोलू नका, दाबाने तुकडे उडून माणूस गंभीर जखमी होऊ शकतो.

कागदांचा क्रम असा ठेवा: आधी विमा आणि पीयूसी, मग आरसीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, त्यानंतर नाव बदलणं. मुदत संपलेल्या आरसीवर हस्तांतरणाचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि अर्धवट कागदांवर पैसे देऊन बसलेल्यांची गाडी पुन्हा एकदा दुसऱ्याच्याच अंगणात उभी राहते.

गाडी अजून घरात आहे आणि विकायचं घाटतंय, तर निदान हे करा: चेसिस नंबरचा पेन्सिलचा ठसा घेऊन ठेवा, आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीची पावती घ्या, आणि गाडी राज्यातच विकली असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला विक्री कळवा. दुसरी किल्ली मात्र स्वतःकडे ठेवू नका, ती गाडीबरोबरच द्या.